बारीक काळ्या रेषा स्वच्छ छापायच्या तर

‘प्रोसेसिंग’ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहून काढलेलं रेषाचित्र पडद्यावर लख्ख काळं असतं. फोर्टमधल्या दुकानातून छापून आणलं, की रेषांच्या कडेला निळसर-तांबूस झाक दिसते आणि वळणं फाटतात.

१. जेपीजी देऊ नका, पीडीएफ द्या. पीडीएफ बनवायची लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रोसेसिंगसोबतच येते. मग कागद कितीही मोठा असो, रेषा धारदारच राहते.

२. ‘फक्त काळ्या शाईत, ग्रेस्केल’ असं काउंटरवरच सांगा. हे सर्वांत महत्त्वाचं! नाहीतर मशीन चार रंग एकावर एक छापून काळा बनवू शकतं. ते केसभर सरकले की झाक आलीच.

रेषेची जाडी छापील आकारात ०.२५ पॉइंटखाली नेऊ नका. ए२ची फाइल ए४वर छापली तर जाडीही निम्मी होते.