काय-स्क्वेअर कसोटी वापरताय? मोजणीतच होणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात प्रबंध आणि प्रोजेक्टचे दिवस आले की सर्वेक्षणाचे विषय बहुतेक ओळखीचेच असतात. विडी वळणाऱ्या महिलांचं आरोग्य, यंत्रमाग कामगारांची बचत, टॉवेल कारखान्यातला खराब माल, घरात बोलली जाणारी भाषा आणि मुलांची शाळा. विद्यार्थी एमएसडब्ल्यूचा असो, एमबीएचा असो की नर्सिंगचा, विश्लेषणाच्या प्रकरणात काय-स्क्वेअर कसोटी हमखास असते, आणि ती असायलाच हवी. 'हो किंवा नाही', 'दिवसपाळी किंवा रात्रपाळी' अशा गटांत मोजलेल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासायला ती फार चांगली कसोटी आहे.

तिचं सूत्र एका ओळीत मावतं आणि त्यात सहसा कोणी चुकत नाही. चूक त्याच्या आधी झालेली असते: कोणाला मोजलं, किती वेळा मोजलं आणि कोणाला मोजायचं राहिलं. तिथे गडबड असेल तर पुढचे दशांश कितीही बरोबर असोत, उत्तर चुकीचंच राहतं.

आधी एक तक्ता नीट सोडवू

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिवसपाळीचे २०० आणि रात्रपाळीचे २०० टॉवेल तपासले. दिवसपाळीचे १८ खराब निघाले, रात्रपाळीचे ३२. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एकूण ४०० टॉवेलांत खराब ५०, चांगले ३५०.

पाळीचा आणि खराबीचा काहीच संबंध नसता, तर प्रत्येक पाळीत किती खराब टॉवेल अपेक्षित होते? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण: २०० × ५० ÷ ४०० = २५. चांगले अपेक्षित १७५. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक चारही खान्यांत ७ आहे. त्याचा वर्ग ४९. आता ४९ ला त्या त्या खान्याच्या अपेक्षित संख्येने भागायचं: खराबच्या दोन खान्यांत १.९६ आणि १.९६, चांगल्याच्या दोन खान्यांत ०.२८ आणि ०.२८. बेरीज ४.४८.

दोन बाय दोनच्या तक्त्याला स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम), म्हणजे सॉफ्टवेअरच्या आउटपुटमधला डीएफ, १ असतो. पाच टक्के पातळीला त्याची सीमा ३.८४१. आपलं उत्तर तिच्या वर आहे, म्हणजे फरक सार्थ आहे: संबंध नसता तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. याच तक्त्यावर आता चुका पाहू.

टक्केवारी टाकू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. वरच्या तक्त्यात संख्या न घेता ९ टक्के खराब, ९१ टक्के चांगले आणि १६ टक्के खराब, ८४ टक्के चांगले असं भरून पाहा. काय-स्क्वेअर येतो २.२४. तो ३.८४१ च्या खाली आहे, म्हणजे निष्कर्षच उलटला. कारण साधं आहे. टक्केवारी भरताच कसोटी समजते की तुम्ही प्रत्येक पाळीत फक्त १०० टॉवेल तपासलेत. तुमची निम्मी मेहनत हिशेबातून गेली. उलट, ३० जणांच्या सर्वेक्षणाची टक्केवारी भरली तर न केलेली मेहनत हिशेबात येते, आणि ते जास्त वाईट. अहवालात टक्केवारी जरूर द्या, पण कसोटीत फक्त मोजलेली माणसं किंवा मोजलेल्या वस्तू जाऊ द्या. सरासरी, रुपये, किलो, गुण यांतलं काहीही त्या खान्यांत जात नाही.

'नाही' वाल्यांना विसरू नका

दुसऱ्या कारखान्यातही खराब टॉवेल १८ आणि ३२ च निघाले असं धरा. विद्यार्थी म्हणतो, एकूण ५०, अपेक्षित २५-२५, काय-स्क्वेअर ३.९२, सीमेच्या वर, म्हणून रात्रपाळी वाईट. पण तिथे दिवसा २०० टॉवेल तपासले होते आणि रात्री ३५०. म्हणजे खराबीचं प्रमाण दिवसा ९ टक्के आणि रात्री ९.१ टक्के. फरक नाहीच! चांगल्या टॉवेलांची ओळ तक्त्यातून गाळली आणि नसलेला फरक उभा राहिला.

विडी कामगारांवरच्या अभ्यासात हे फार घडतं. पाठदुखी असलेल्या महिला वयोगटांत वाटतात आणि पाठदुखी नसलेल्यांचा तक्त्यात पत्ताच नसतो. त्रास नसलेल्यांचीही माहिती हवी. तीच नसेल तर कसोटी लावण्याआधी पुन्हा वस्तीवर जावं लागेल.

एक माणूस, एक खाना

या कसोटीची सगळ्यात महत्त्वाची अट ही आहे, आणि हीच सगळ्यात कमी पाळली जाते. प्रत्येक माणूस तक्त्यात एकदाच आणि एकाच खान्यात आला पाहिजे. शिवाय एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून नसावं.

आपल्या सोलापुरात ही अट मोडायला एक प्रश्न पुरतो: 'घरी कोणती भाषा बोलता?' तेलुगू आणि मराठी, कन्नड आणि मराठी, उर्दू आणि मराठी, कुठे कुठे तिन्ही. फॉर्मवर एकापेक्षा जास्त खुणा होतात. १५० माणसं विचारलेली असतात आणि तक्त्याची बेरीज २३० येते. त्या २३० वर काय-स्क्वेअर काढणं चूक, कारण तेवढी माणसंच नव्हती. उपाय असा: प्रत्येक भाषेचा स्वतंत्र हो-नाही तक्ता करा, म्हणजे प्रत्येक तक्त्याची बेरीज १५० च राहील. किंवा विचारतानाच 'सगळ्यात जास्त कोणती?' असं विचारा. तक्त्याची बेरीज आणि माणसांची संख्या जुळते का, ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती प्रत्येक तक्त्यावर करा.

दुसरा प्रकार आधी-नंतरचा. समजा, १०० यंत्रमाग कामगारांना कापसाच्या धुळीबद्दल माहिती दिली. आधी ४० जण मास्क वापरत होते, नंतर ५२. ४०-६० आणि ५२-४८ असा तक्ता केला तर काय-स्क्वेअर २.९० येतो आणि अहवालात 'प्रशिक्षणाचा परिणाम नाही' असं लिहिलं जातं. पण माणसं तीच १०० आहेत, तक्त्यात ती दोनदा आली. इथे मॅकनेमार कसोटी हवी. १९४७ पासून ती याच कामासाठी आहे. तिला फक्त बदललेली माणसं लागतात. १५ जणांनी मास्क सुरू केला आणि ३ जणांनी सोडला, तर फरक १२, वर्ग १४४, भागिले १८, उत्तर ८. सीमा तीच ३.८४१. प्रशिक्षणानंतर बदल झाला होता, चुकीच्या कसोटीने तो दिसला नाही. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या फॉर्मवर एकच क्रमांक टाका. कोण बदललं हे कळलं नाही तर मॅकनेमारही करता येत नाही.

तिसरा प्रकार सहज लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून पाहू. टॉवेल मागावर सलग विणला जातो, एकामागून एक. ताण्याचा धागा तुटला आणि माग थांबला नाही, तर तो दोष उभा उतरत जातो आणि पुढचे अनेक टॉवेल तोच दोष घेऊन येतात. तपासणीत दहा खराब टॉवेल दिसतात, पण दोष एकच असतो. कसोटी मात्र त्यांना दहा स्वतंत्र पुरावे मानते आणि काय-स्क्वेअर फुगतो. म्हणून एका मागाचे सलग टॉवेल न घेता वेगवेगळ्या मागांवरून, मध्ये अंतर ठेवून घ्या. माणसांचंही तसंच आहे. विडी घरकुल वसाहतीत एकाच गल्लीतल्या शेजारणी किंवा एकाच घरातल्या सासू-सून यांची उत्तरं एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. घरातून एकीलाच निवडा आणि निवड कशी केली ते अहवालात लिहा.

पाचचा नियम कोणत्या आकड्याला लागतो?

'खान्यात ५ पेक्षा कमी नको' हे सगळ्यांच्या तोंडी असतं, पण पाहिला जातो प्रत्यक्ष आकडा. नियम अपेक्षित आकड्याचा आहे. प्रत्यक्षात एखाद्या खान्यात शून्य असलं तरी अपेक्षित ८ असेल तर अडचण नाही. संख्याशास्त्रज्ञ कॉक्रनने १९५४ मध्ये सांगितलेली आणि आजही वापरात असलेली मर्यादा अशी: ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्या असलेले खाने २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि एकाही खान्यात अपेक्षित १ पेक्षा कमी नसावं.

१०० जणांचं सर्वेक्षण, शिक्षणाचे सहा गट आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय. खाने झाले ३०, म्हणजे खान्यामागे सरासरी तीन-सव्वातीन माणसं. हा तक्ता टिकणारच नाही. गट जोडा, पण अर्थ पाहून जोडा: निरक्षर आणि चौथीपर्यंत हे एकत्र चालेल, 'असहमत' आणि 'सांगता येत नाही' हे चालणार नाही. जोडणी आकडे पाहण्याआधी ठरवा. निकाल मनासारखा येईपर्यंत गट जोडत राहणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो. दोन बाय दोनच्या छोट्या तक्त्याला सरळ फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावा; ती शक्यता अंदाजाने न काढता नेमकी मोजते, म्हणून लहान आकड्यांनाही चालते.

डीएफ: इथे मोठी माणसंही अडली

ओळी वजा एक, गुणिले स्तंभ वजा एक. बेरजेच्या ओळी आणि स्तंभ यात धरायचे नाहीत, आणि घाईत नेमके तेच धरले जातात. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये ही कसोटी मांडली. दोन बाय दोनच्या तक्त्याला खाने चार म्हणून डीएफ तीन, असं तेव्हा धरलं जाई. तो एकच हवा, हे रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये दाखवलं आणि त्यावरून दोघांत चांगलाच वाद झाला. तीन धरला तर सीमा ७.८१५ होते आणि आपल्या टॉवेलांचं ४.४८ तिच्या खाली जातं.

सॉफ्टवेअरचं उत्तर जुळत नाही तेव्हा

हाताने ४.४८ आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ३.८६ आलं तर घाबरू नका. दोन बाय दोनच्या तक्त्याला आर आपोआप येट्सची १९३४ ची दुरुस्ती लावतं. तिने प्रत्येक फरक ०.५ ने कमी होतो, म्हणजे इथे ७ चा ६.५. पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसताही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, हीसुद्धा ०.०३४ ची ०.०४९ होते. एसपीएसएस दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या ओळींत देतं. कोणतं घेतलं ते लिहा.

एक्सेलमधलं काय-स्क्वेअर टेस्टचं फंक्शन पी-व्हॅल्यू देतं, काय-स्क्वेअरची किंमत देत नाही. 'काय-स्क्वेअर ०.०३४, तक्त्यातल्या ३.८४१ पेक्षा कमी, म्हणून संबंध नाही' असा उलटा निष्कर्ष त्यातूनच येतो. शिवाय अपेक्षित संख्यांचा तक्ता तिथे तुम्हालाच करून द्यावा लागतो. एसपीएसएसमध्ये तक्त्याखालची बारीक टीप वाचा, किती खान्यांत अपेक्षित संख्या ५ च्या खाली आहे ते तिथेच छापलेलं असतं. आणि पी .००० दिसला तर 'पी शून्य' लिहू नका, '०.००१ पेक्षा कमी' लिहा.

निष्कर्ष लिहिताना

पी ०.०३४ म्हणजे पाळीचा संबंध नसताही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ३.४ टक्के. 'आम्हाला ९६.६ टक्के खात्री आहे' असा त्याचा अर्थ होत नाही.

पी लहान म्हणजे संबंध जबर, असंही नाही. हीच टक्केवारी ठेवून ४,००० टॉवेल तपासले तर काय-स्क्वेअर ४४.८ होईल, पण संबंध तेवढाच राहील. संबंधाची ताकद सांगायला काय-स्क्वेअरला एकूण संख्येने भागून वर्गमूळ घ्या. आपल्याकडे ते ०.११ येतं, म्हणजे संबंध क्षीण आहे. त्याला फाय म्हणतात, मोठ्या तक्त्यांसाठी क्रॅमरचा व्ही. आणि निकाल सार्थ आला नाही तर 'संबंध नाही हे सिद्ध झालं' असं लिहू नका, 'या नमुन्यात पुरेसा पुरावा मिळाला नाही' एवढंच लिहा.

'रात्रपाळीमुळे माल खराब होतो' हे वाक्य ही कसोटी तुम्हाला लिहू देत नाही. रात्री जुने माग चालत असतील, सुताचा लॉट वेगळा असेल, उजेड कमी असेल. त्या कामगारांच्या मजुरीवर तुमच्या वाक्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून कारण सांगण्याआधी ते सगळं तपासा.

तक्ता मोठा असेल, समजा चार वयोगट आणि तीन उत्तरं, तर कसोटी फक्त 'कुठेतरी फरक आहे' एवढंच सांगते. कुठे ते पाहायला ॲडजस्टेड रेसिड्युअल, म्हणजे प्रत्येक खान्यातला प्रत्यक्ष-अपेक्षित फरक एकाच मापावर आणलेला, काढा, आणि जिथे ते उणे किंवा अधिक २ च्या पलीकडे आहेत त्या खान्यांबद्दल बोला. निकालाचं वाक्य साधारण असं असावं: 'दिवसपाळीत २०० पैकी १८ (९ टक्के) आणि रात्रपाळीत २०० पैकी ३२ (१६ टक्के) टॉवेल खराब निघाले; काय-स्क्वेअर ४.४८, डीएफ १, पी ०.०३४, फाय ०.११, येट्स दुरुस्ती न लावता.' त्याखाली मूळ संख्यांचा तक्ता द्या, म्हणजे गाइडना किंवा परीक्षकांना तो स्वतः पुन्हा सोडवून पाहता येईल.