फुटबॉलच्या छायाचित्रासाठी साखरेची काच : नाशिकमधली तयारी

खेळाडूने मारलेला फुटबॉल चौकटीतली काच फोडून बाहेर येतो आहे आणि तुकडे अजून हवेतच आहेत, असे छायाचित्र टिपायचे असेल, तर काच सगळ्यांत शेवटी करावी. खऱ्या काचेऐवजी वापरायची ही साखरेची काच म्हणजे कडक पाक ओतून केलेली पारदर्शक वडी. ती हवेतला ओलावा सतत ओढून घेते, आधी चिकट होते, मग धूसर दिसू लागते आणि अखेर फुटण्याऐवजी वाकते. म्हणून जागा, चौकट, खेळाडूचा सराव आणि कॅमेऱ्याची मांडणी पूर्ण झाल्याशिवाय साखर गॅसवर चढवू नये.

दिवस निवडताना नाशिकची हवा मनात धरावी. पावसाळ्याचे चार महिने या कामाला सर्वस्वी गैरसोयीचे आहेत. द्राक्षतोडणीच्या सुमाराची, म्हणजे जानेवारी ते मार्चमधली कोरडी दुपार उत्तम. गोदाकाठी किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला चित्रण असेल, तर सकाळच्या दवात काच बाहेर काढू नये.

चौकट सुताराकडून नवी करून घ्यावी. जुन्या खिडकीची चौकट वापरण्याचा मोह होतो, पण तिच्या खाचेत खऱ्या काचेची एखादी कपची अडकलेली असू शकते, म्हणून ती मी ठामपणे नाकारीन. ६० बाय ४५ सेंटिमीटरची काच पुरेशी मोठी असते, कारण फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो आणि थोडी चूक झाली तरी चेंडू चौकटीला लागत नाही. चौकटीचे पाय वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवावेत, काच खाचेत सैल बसू द्यावी आणि चेंडू चौकटीपासून दीड-दोन मीटरवर ठेवावा. आधी रिकाम्या चौकटीतून आणि मग तिच्यावर बटर पेपर ताणून, खेळाडूचा चेंडू सलग अनेकदा मधोमध जाईपर्यंत सराव करून घ्यावा.

कॅमेरा समोर न ठेवता बाजूने, तिरका लावावा. तुकडे चेंडूच्या दिशेने उडतात. मागे झाडांची गडद सावली आणि मागून तिरके येणारे ऊन असेल, तर प्रत्येक तुकड्याची कड चमकते. पांढऱ्या आकाशापुढे तीच काच दिसेनाशी होते. शटर १/४००० सेकंदाच्या आसपास असावे आणि फोकस चौकटीवर आधीच कायम करून ठेवावा. ताशी ७० किलोमीटर वेगाचा चेंडू एवढ्या वेळात जेमतेम ५ मिलिमीटर सरकतो, पण सेकंदाला २० छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यातही दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळात तो जवळजवळ एक मीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे नेमका क्षण हुकण्याची शक्यता मोठी असते आणि निदान तीन काचा तयार ठेवाव्या लागतात.

आता पाक. जाड बुडाचे मोठे पातेले भांडी बाजारात मिळते. लिक्विड ग्लुकोज (घट्ट, पारदर्शक पाक) आणि क्रीम ऑफ टार्टर (आंबट पांढरी पूड) बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात मागावे. ४ मिलिमीटर जाडीच्या एका काचेला सुमारे १३०० ग्रॅम स्वच्छ पांढरी साखर, ५५० ग्रॅम ग्लुकोज, ७०० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर लागते. ग्लुकोज आणि टार्टर यांच्यामुळे पाकात पुन्हा साखरेचे दाणे धरत नाहीत. साखर विरघळेपर्यंतच ढवळावे, वर आलेली मळी झाऱ्याने काढावी आणि उकळी आल्यावर ढवळणे थांबवून पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवावेत. तिथला एक दाणाही सगळा पाक पांढरट करू शकतो.

पाकाचा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासावा. नाशिक समुद्रसपाटीपासून बरेच उंच असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि तेवढ्याच फरकाने पाकाचा आकडाही खाली धरावा लागतो. पाककृतीच्या पुस्तकात अशा कडक पाकासाठी दिलेले १५० अंश सेल्सिअस म्हणजे आपले १४८. पाणी आटत असताना पारा रेंगाळतो आणि नंतर झपाट्याने चढतो, म्हणून शेवटी आच मंद ठेवून तेथून हलू नये. १६० अंशांच्या पुढे पाक पिवळा पडू लागतो. गार पाण्यात टाकलेला थेंब बोटांनी वाकवताच कडकन तुटला, तर पाक झाला. बुडबुडे शमेपर्यंत थांबावे आणि तेलाचा अगदी पुसट हात दिलेल्या, पाणसळ लावून समतल केलेल्या ट्रेमध्ये एका धारेने ओतावा. काच पंख्याखाली न ठेवता सावकाश निवू द्यावी आणि किंचित कोमट असतानाच सोडवावी. नाहीतर ती ट्रेमध्येच तडकते. नंतर बटर पेपरमध्ये गुंडाळून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

हा पाक कातडीला चिकटून राहतो आणि खोलवर भाजतो. जाड हातमोजे, पूर्ण बाह्या आणि बंद बूट असल्याशिवाय कोणी पातेल्याजवळ येऊ नये, मुलांना तर स्वयंपाकघरात येऊच देऊ नये. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा आणि डॉक्टरांकडे जावे. गरज पडल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. साखरेच्या काचेची कडही ओरखडे काढते, म्हणून खेळाडू आणि छायाचित्रकार दोघांनीही डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा, आणि चौकटीच्या पुढे कोणी उभे राहू नये.

चौकटीखाली व पुढे मोठी ताडपत्री अंथरलेली असावी. तुकड्यांना लगेच मुंग्या आणि मधमाश्या लागतात, त्यामुळे प्रत्येक फटक्यानंतर ताडपत्री झाडून तुकडे बादलीत भरावेत. उरलेली चुरी मैदानावर राहू न देता गरम पाण्याने विरघळवून धुवावी. चेंडू, बूट आणि चौकटही त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने पुसून घ्यावी.