कस्टमर सर्व्हिस खरंच सुधारायचीय? मग गोड बोलण्याचं ट्रेनिंग जरा थांबवा

सर्व्हिस सुधारायचं ठरलं की बहुतेक धंद्यांत पहिलं काम काय होतं, तर स्टाफला बसवून गोड कसं बोलायचं ते शिकवतात. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" पाठच करून घेतात. गोड बोलायला कोणाची ना नाही, पण वैतागून फोन केलेल्या माणसाला त्याचं काम झालेलं हवं असतं, आणि फोन उचलणाऱ्याच्या हातात काहीच नसेल तर तो कितीही नम्रपणे बोलू दे, दोन मिनिटांत कळतंच की आपल्याला नुसतं झुलवतायत.

त्यामुळे सुरुवात कस्टमरला किती दगदग होते ते मोजण्यापासून करा. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख आला होता, त्यातलं म्हणणं साधारण असं की कस्टमरला थक्क करण्याच्या मागे लागू नका, त्याचे कष्ट कमी करा, तो त्यानेच जास्त टिकतो. कस्टमर एफर्ट स्कोअर नावाचं माप तिथूनच पुढे आलं. तुम्हाला स्कोअरबिअर नंतर बघता येईल, आधी अलीकडच्या वीसेक कम्प्लेंट काढा आणि प्रत्येक पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत वाचा: त्या माणसाला तीच गोष्ट किती जणांना सांगावी लागली, किती वेळा स्वतःहून परत फोन करावा लागला, आणि मधे किती दिवस कोणीच काही कळवलं नाही. मग एकदा ऐन गर्दीच्या वेळी, कोणाला न सांगता, स्वतःच्याच कंपनीच्या नंबरवर फोन लावा. एखादी वस्तू परत करून बघा. मालक लोक हे कधी करत नाहीत, त्यांचं काम थेट ओळखीतून होतं ना.

यात सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगणं. त्यावर उपाय फार महागडा नाहीये. एक कम्प्लेंट म्हणजे एक टिकीट, म्हणजे तिला स्वतःचा एक नंबर, आणि फोन, ईमेल, चॅट सगळ्याची नोंद त्याच एका ठिकाणी. टीम छोटी असेल तर सगळ्यांना दिसेल अशी साधी एक्सेल शीटही चालते, सॉफ्टवेअर नंतर घ्या. आणि एक नियम लावा, ज्याने कम्प्लेंट घेतली तोच ती मिटेपर्यंत जबाबदार. काम अकाउंट्सवाले करोत नाहीतर डिलिव्हरीवाले, कस्टमरला कळवायचं याच माणसाने.

आता खरा मुद्दा, अधिकार. रिट्झ-कार्लटन हॉटेलवाल्यांचा नियम बऱ्याच जणांनी ऐकला असेल, तिथला कर्मचारी मॅनेजरला न विचारता एका गेस्टची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. आकडा बघून छातीत धडकी भरवून घेऊ नका, तो त्यांचा आहे. तुमचा आकडा असा काढा: मागच्या काही महिन्यांत मॅनेजरकडे मंजुरीला गेलेल्या रिफंडच्या आणि वस्तू बदलून देण्याच्या केसेस बघा, कुठल्या रकमेपर्यंत मॅनेजर जवळजवळ प्रत्येक वेळी हो म्हणाला ते शोधा, आणि त्या रकमेच्या खालचं सगळं फोन उचलणाऱ्यावर सोडून द्या. नाहीतरी हो म्हणायचंच होतं तर माणसाला दोन दिवस लटकवून काय मिळवलं? यान कार्लझन १९८१ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन एअरलाइनचे प्रमुख झाले, त्यांचा हिशोब असा होता की वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण पाच कर्मचाऱ्यांशी, आणि दर वेळी सरासरी १५ सेकंद. म्हणजे कंपनी चांगली की वाईट ते त्या पंधरा सेकंदांत ठरतं, आणि तेवढ्या वेळात वरच्या साहेबाला विचारून कोण येणार!

लोक फायदा घेतील हो, पण थोडे. तोच तोच माणूस दर वेळी रिफंड मागतोय का त्यावर नजर ठेवा, चार लबाडांसाठी सगळ्यांना पुरावे मागत बसू नका. आणि पहिल्यांदा कोणी जरा जास्तच उदार झाला तर त्याला चारचौघांत झापू नका, एकदा झापलंत की दुसऱ्या दिवसापासून सगळी टीम परत "सरांना विचारून सांगतो" वर येते.

वाट बघायला लावणं कधीकधी टळतच नाही. मॅनेजमेंटचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की किती वेळ लागेल ते माहीत नसेल तर वाट बघणं जास्त लांब वाटतं. म्हणून "लवकरच कळवू" हे वाक्य हद्दपार करा. त्याऐवजी असं लिहा: "तुमचं पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलंय, चूक आमची आहे. नवीन पार्सल आज निघेल, ट्रॅकिंग नंबर संध्याकाळी पाचपर्यंत पाठवते. काही अडलं तरी पाचला मेसेज करतेच." आणि पाच वाजता मेसेज जायलाच हवा, हातात सांगण्यासारखं काही नसलं तरी.

चॅटबॉटबद्दल. बॉट लावा, जरूर लावा, पण ऑर्डर कुठे आलीय, बिलाची कॉपी, पत्ता बदलणं असल्या कामांना. पैशांचा वाद, घरात काही दुःखद घडलंय असा माणूस, किंवा तिसऱ्यांदा तेच विचारणारा, हे थेट माणसाकडे. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला नातेवाईकाच्या निधनानंतर मिळणाऱ्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती, आणि २०२४ मध्ये कॅनडातल्या ट्रिब्युनलने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. बॉटच्या बोलण्याला बॉटच जबाबदार, असा बचाव करून बघितला, चालला नाही. तेव्हा बॉटची उत्तरं तुमच्या मंजूर पॉलिसीतूनच आली पाहिजेत, पॉलिसी बदलली की बॉट कोण अपडेट करणार त्याचं नाव ठरलेलं पाहिजे, आणि "माणसाशी बोलायचंय" हे बटण प्रत्येक स्क्रीनवर दिसलं पाहिजे, सात मेन्यूंच्या खाली गाडलेलं नको. बॉटशी झालेलं आधीचं सगळं चॅटही पुढे बोलणाऱ्या तुमच्या माणसाच्या समोर हवं, नाहीतर परत पहिल्यापासून रामायण.

राहिलं इनोव्हेशन. त्यासाठी वेगळी लॅब वगैरे लागत नाही, कम्प्लेंटचा ढीग उपसा. फक्त नोंद करताना "कस्टमर चिडला" असं नको, कशामुळे ते लिहा. आठवड्यातून एकदा सर्व्हिसवाल्यांनी प्रॉडक्ट आणि अकाउंट्सवाल्यांसोबत बसायचं, सगळ्यात जास्त वेळा आलेलं एक कारण घ्यायचं आणि टोयोटात करतात तसं "का" विचारत मुळापर्यंत जायचं. बिल समजत नाही म्हणून फोन येतायत? मग फोन उचलायला माणसं वाढवण्यापेक्षा बिलच नव्याने मांडा. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, अमेझॉनने तीच आयडिया उचलून सर्व्हिसच्या लोकांना अधिकार दिला की एखाद्या वस्तूत सारखा तोच दोष येत असेल तर साइटवरून तिची विक्रीच थांबवा. एवढी हिंमत सगळ्यांना झेपणार नाही, पण निदान सर्व्हिसवाल्याने "हे थांबवा" म्हटल्यावर कोणीतरी २४ तासांत उत्तर द्यायचं, इतकं तर ठरवता येईल.

रेटिंगचं थोडक्यात. दहापैकी दहा द्या म्हणून हात जोडणं बंद करा, त्या आकड्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा तोच माणूस त्याच कामासाठी आठवड्याभरात परत आला का, ते मोजा. आणि हे सगळं चालू केल्यावर पहिल्या महिन्यात कम्प्लेंटचा आकडा वाढलेलाही दिसू शकतो, कारण आधी जे गप्पपणे निघून जायचे ते आता बोलायला लागतात, तेव्हा टीमवर ओरडण्याआधी त्यातले किती जण पुढच्या वेळी खरेदीला परत आले तेवढं तपासा.