छोट्या फियाटची अबार्थ: गप्पा मारताना या चुका टाळा

अबार्थ म्हणजे कार्लो अबार्थची इटालियन कंपनी, फियाट ५०० सारख्या छोट्या गाड्या जास्त पळणाऱ्या करून विकणारी. तिच्या जुन्या ५९५ चा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मित्राला म्हटलं, अरे याची डिक्की नीट लागली नाहीये. तो पाच मिनिटं हसत होता. कारण या गाडीची डिक्की पुढे, इंजिन मागे, आणि मागचं झाकण मुद्दाम टेकू देऊन उघडं ठेवलेलं असतं. इंजिन हवेवर थंड होणारं, दामटलं की तापणार, मग झाकण उचलून ठेवा नि हवा खेळती ठेवा, इतकं साधं लॉजिक. ही झाली माझी चूक, आता बाकीच्यांच्या.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा होतो. अलीकडच्या ५९५ कडे बोट दाखवून ‘छोटं इंजिन आहे, ६०० सीसीच्या आत’ असं ठोकून देऊ नका. जुन्या गाडीला ते लागू होतं. १९५७ ची फियाट नुओवा ५०० म्हणजे दोन सिलिंडर, ४७९ सीसी आणि १३ एचपी, आपल्याकडच्या १५० सीसी बाइकएवढी ताकद म्हणा ना, त्यात चार माणसं बसवायची! अबार्थने १९६३ ला सिलिंडर मोठे करून ते ५९३.७ सीसीवर नेलं, २७ एचपी, टॉप स्पीड १२०. पुढच्या वर्षी ६९५ आली, ती पण खरी ६८९.५ सीसीचीच, पण तिची जास्त ताकदीची आवृत्ती, एसएस, ३८ एचपी काढून १४० ला जायची. नव्या ५९५ आणि ६९५ मध्ये मात्र एकच १.४ लिटर टर्बो, १३६८ सीसी. आकडा उरलाय फक्त नावाला.

अबार्थच्या गाडीवर ‘एस्सेएस्से’ वाचून पण लोक काहीतरी गूढ अर्थ शोधतात. अहो, एसएस ही दोन अक्षरं इटालियनमध्ये म्हणून बघा, झालं. २००८ च्या नव्या अबार्थ ५०० ला या नावाचा किट मिळायचा, १३५ चे १६० एचपी करणारा, आणि तो यायचा चक्क लाकडी खोक्यात. जुन्या काळी अबार्थ असेच खोकी भरून पार्ट विकायचा, त्याची आठवण. मला अख्ख्या गाडीपेक्षा ते खोकंच जास्त आवडतं, खरं सांगतो.

अबार्थने ५०० ला १९६३ मध्येच हात लावला असंही समजू नका. फेब्रुवारी १९५८ मध्ये इटलीतल्या मोन्झाच्या रेस ट्रॅकवर त्याची ५०० सलग सात दिवस-रात्र पळवली होती, सरासरी ताशी १०८ किमी, अंतर १८ हजार किमीच्या वर. आणि त्याच वर्षीची लाल पट्टेवाली ५०० स्पोर्ट, २१ एचपीची, ती फियाटची स्वतःची, तिला अबार्थ म्हणू नका.

कार्लो अबार्थ जन्माने इटालियन नव्हता, १९०८ ला व्हिएन्नात कार्ल म्हणून जन्मला. रास वृश्चिक, म्हणून लोगोत विंचू. १९४९ ला बोलोन्यात कंपनी काढली, नाव झालं रेसिंगमुळे पण दुकान चाललं सायलेन्सर विकून. १९७१ मध्ये सगळं फियाटला विकलं.

आता आपल्याकडची चूक. ‘अबार्थ तर पुण्याजवळच बनायची’ हे अर्धंच खरं. रांजणगावात बनली ती अबार्थ पुंटो, १४५ एचपी, ९.९५ लाख. २०१५ लाच आलेली ५९५ कॉम्पेटित्सिओने अख्खी बाहेरून यायची आणि किंमत २९.८५ लाख, एवढ्या पैशात लोक एवढीशी गाडी का घेतील, नाहीच घेतली फारशी.

शेवटची एक, इलेक्ट्रिक ५००ई अबार्थचा आवाज ऐकून ‘याला एक्झॉस्ट कुठंय’ म्हणून खाली वाकून बघू नका, तो बाहेर बसवलेल्या स्पीकरमधून येतो. मी वाकलो होतो.