भुरीवर लसणाचा अर्क: कुटल्यानंतरची दहा मिनिटं

काकडीच्या वेलावर भुरी, म्हणजे पानांवरचा पांढऱ्या बुरशीचा रोग, सहसा खालच्या जुन्या, दाटीतल्या पानांवर आधी दिसते. नखाएवढा पांढरा ठिपका, पीठ सांडल्यासारखा. बोट फिरवलं की बोटाला पांढरं लागतं. मी त्याच दिवशी अर्क करायला घेते. पानंच्या पानं पांढरी झाल्यावर वनस्पतींचे अर्क फार काही करू शकत नाहीत.

आधी रोग ओळखा. पानाच्या वरच्या बाजूला शिरांमध्ये अडकलेले पिवळे, कोनदार डाग आणि खालून करडी-जांभळी बुरशी असेल तर तो केवडा नावाचा दुसरा रोग. तो ओल्या पानांवर झपाट्याने पसरतो, तिथे मी लसणाच्या भरवशावर राहत नाही. भुरीला पान ओलं असावं लागत नाही आणि तिचा बहुतेक पसारा पानावर वरवरच असतो, म्हणून ती अर्काला सापडते.

10 लिटर पाण्याला मी अर्धा किलो लसूण घेते. पाकळ्या सोलून चांगल्या कुटायच्या, अख्खी एकही राहू द्यायची नाही. मग लगेच पाणी ओतू नका. दहा मिनिटं तसंच झाकून ठेवा. लसणातलं बुरशीवर चालणारं द्रव्य, अ‍ॅलिसिन, अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी चिरडली की आतलं एन्झाइम मोकळं होतं आणि मग ते तयार होतं. उग्र वास नाकाला झोंबला की समजायचं, जमलं. लसूण आधी उकळला तर ते एन्झाइमच मरतं, म्हणून गरम पाणी अजिबात नको.

आता थोड्या गार पाण्यात कालवून दुहेरी फडक्यातून दोनदा गाळा. गाळताना घाई केली की नोझल हमखास तुंबतं. उरलेलं पाणी घालून 10 लिटर करा आणि पानावर द्रावण चिकटावं म्हणून 10 मिली साधा पातळ साबण घाला.

एकदा उरलेला अर्क मी पाच दिवस कॅनमध्ये झाकून ठेवला होता. वास जवळपास गेलेला होता, तरी फवारला, आणि भुरी वेलभर पसरली. तेव्हापासून केलेला अर्क त्याच दिवशी संपवते.

फवारणीआधी रोगट पानं काढून शेताबाहेर टाका. पहिल्यांदा वापरत असाल तर चार-पाच पानांवर फवारून दोन दिवस थांबा. कोवळी पानं करपली तर पाणी वाढवा. फवारणी ऊन उतरल्यावरच करा, म्हणजे पान भाजत नाही आणि मधमाश्याही फुलांवरून गेलेल्या असतात. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे, बहुतेकांचं चुकतं ते इथेच. दर सात दिवसांनी, आणि पाऊस पडला तर तो उघडल्यावर पुन्हा.

पुढच्या एखाद्या खेपेला निंबोळी तेल वापरायचं असेल तर ते गंधकाच्या फवारणीला लागून देऊ नका. दोन्हींत दोन आठवडे तरी अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात.

गुण आला की नाही, हे जुन्या डागांवरून ठरवू नका. ते तपकिरी होऊन तसेच राहतात. मी फवारणीच्या दिवशी शेंड्याजवळच्या एका पानाच्या देठाला दोरा बांधते आणि आठवड्याने त्याच्या पुढे फुटलेली पानं उलटून बघते.