किल्ल्यावर शेवटपर्यंत गार पाणी

मे महिन्यात मुलांना घेऊन ग्वाल्हेरचा किल्ला पायी चढलात, तर वरच्या मानमंदिर महालाशी पोचेपर्यंत बाटलीतलं पाणी चहासारखं होतं. अख्ख्या बाटलीचा बर्फ केला तर ऐनवेळी घोटभरही निघत नाही. आमची धाकटी मुलगी बाटली उलटी धरून हलवत बसली होती.

आता रात्री बाटली अर्धीच भरतो आणि फ्रीजरमध्ये आडवी ठेवतो. बर्फ एका कडेला धरतो, तोंड मोकळं राहतं. सकाळी निघताना वरून माठातलं पाणी. बाटलीवर जुना सुती मोजा ओला करून चढवायचा, वाळला की पुन्हा भिजवायचा. लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या गरम वाऱ्यात, हा मोजा फार कामाचा (दिसतो गबाळा, मुलं हसतात).

काचेची किंवा थर्मासची बाटली मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नका, तडकते.