जीएसटी नंबर खरा होता, माणूस खोटा होता

भोसरीत इलेक्ट्रिकल माल पुरवायचा धंदा सुरू करून मला आठ महिने झाले होते, तेव्हा माझ्या १२० कॉइल तांब्याची वायर गेली. बिल ४ लाख १७ हजार ७२० रुपयांचं. त्यातला निम्म्याहून जास्त माल मी तपकीर गल्लीतल्या एका काकांकडून उधारीवर उचलला होता. ती उधारी फेडायला सव्वा वर्ष लागलं. आजही अनोळखी नंबरावरून "मॅडम, रेट पाठवा" असा फोन आला की पोटात गोळा येतो.

उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), कोटेशन, चलान, मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल हे सगळं तुम्हाला येतं असं मी धरून चालते. मलाही येत होतं, तरी मी फसले.

पुण्याजवळच्या एका नावाजलेल्या कंपनीच्या नावाने मेल आला. मी रेट दिला, दुसऱ्या दिवशी पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर, हजर. लेटरहेड, शिक्का, सही, तीस दिवसांत पेमेंट. भाव एका रुपयानेही पाडून मागितला नाही. डोळे झाकून मात्र मी माल दिला नाही. जीएसटीच्या पोर्टलवर तो पंधरा अक्षरी नंबर टाकला. सुरुवातीला २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढे कंपनीचा पॅन, नाव जुळलं, पत्ता जुळला, स्टेटस 'अॅक्टिव्ह'. पीओवरच्या नंबरावर फोनही केला. परचेसचे 'साहेब' अगदी नीट बोलले, ऑर्डर पक्की आहे म्हणाले. मी निर्धास्त झाले.

आता मी नेमकं काय तपासलं होतं ते बघा. ती कंपनी अस्तित्वात आहे, एवढंच. ते तर मला आधीपासून माहीत होतं! जीएसटी नंबर काही गुपित नसतो. तो प्रत्येक बिलावर छापतात, दुकानाच्या पाटीवर लावतात. कुणीही उचलावा आणि आपल्या लेटरहेडवर टाकावा. आणि तो फोन? चोराने दिलेल्या नंबरावर चोरालाच विचारलं, तुम्ही खरे ना? तो काय सांगणार होता? कंपनी खरी असणं वेगळं आणि आपल्याशी बोलणारा माणूस त्या कंपनीचा असणं वेगळं. पोर्टल पहिल्या गोष्टीचं उत्तर देतं. दुसरीचं कधीच देत नाही. हे मला कुणी पाच मिनिटं बसवून सांगितलं असतं तर माझी वायर वाचली असती, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते.

दुसरी गोष्ट तपासायची तर पीओतलं आणि मेलमधलं काहीही न वापरता कंपनी गाठायची. वेबसाइटचा पत्ता मेलमधल्या लिंकवरून उघडायचा नाही, स्वतः शोधायचा. तिथला बोर्ड नंबर, म्हणजे कंपनीचा मुख्य फोन, लावायचा, ऑपरेटरला परचेसला जोडून द्यायला सांगायचं आणि पीओ नंबर वाचून दाखवायचा. कंपनी जवळ असेल तर गेटवर जाऊन या. माझ्यापासून ती तासाभराच्या अंतरावर होती आणि मी गेले नाही.

माल निघाला त्या दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, कंपनीत नको म्हणतायत, वाघोलीच्या गोडाऊनला उतरवायला सांगतायत." मी हो म्हणाले. ई-वे बिलावर कंपनीचा पत्ता होता. गाडी तिथूनच परत फिरवायला हवी होती. ऐनवेळी पत्ता बदलला की माल उतरवायचा नाही, भाडं अंगावर पडलं तरी चालेल.

पुढच्या महिन्यात मी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरला आणि खऱ्या कंपनीच्या अकाउंट्समधल्या एका मुलीचा फोन आला. "तुमचं बिल आमच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत, दिसतंय. आम्ही तुमच्याकडून काही घेतलेलंच नाही." मी फाइलमधून मेलची प्रिंट काढली आणि पत्त्याचं एकेक अक्षर तिला वाचून दाखवू लागले. नावापुढच्या आडव्या रेघेपाशी आले तशी ती म्हणाली, "थांबा. आमच्या पत्त्यात रेघ नाही."

ती रेघ मी त्याआधी किमान वीस वेळा पाहिली असेन. म्हणून मेल मोबाइलवर वाचू नका, कॉम्प्युटरवर मोठा करून वाचा. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की छोट्या पडद्यावर एम दिसतो.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं तर वाचतात. माझे पैसे नव्हे, माल गेला होता, त्यामुळे पोलीस ठाण्यात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तक्रार झाली, माल मिळाला नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. "पीओ बघायला लॉगिन करा" म्हणणारं पान मेलचा पासवर्ड चोरतं आणि मग तुमच्याच गिऱ्हाइकाला तुमच्याच मेलवरून निरोप जातो, "आमचं बँक खातं बदललंय." फौजी असल्याचं सांगून क्यूआर पाठवणारे अजून फिरतात. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे.

व्हेंडर कोड, म्हणजे मोठ्या कंपनीत पुरवठादार म्हणून नोंद, मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि ९९९ रुपयांत 'मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी' शिकवणाऱ्यांवर त्याहून कमी. ज्याची स्वतःची उधारी एकदा तरी बुडाली आहे असा दुकानदार गाठा, त्याच्यापाशी बसा. माझे काका पैशांसाठी कधी ओरडले नाहीत. मी पहिला हप्ता घेऊन गेले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "भाव केला नव्हता ना त्यांनी?"

आणि घाबरून धंदा सोडू नका. चौकशी केली तर गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती मलाही होती, पण खरं गिऱ्हाईक नाराज होत नाही. उलट तेच तुमची चौकशी करतं. कॅन्सल चेक मागतं, सर्टिफिकेटं मागतं, भावावर हुज्जत घालतं, व्हेंडर कोड द्यायला दोन-तीन आठवडे लावतं. मागच्या मंगळवारी एका नव्या कंपनीच्या बोर्ड नंबरावर मी फोन लावला. परचेसच्या माणसाने पीओ नंबर ऐकून घेतला, सिस्टीममध्ये पाहिला आणि म्हणाला, "हो, आमचीच आहे. रेटमध्ये अजून दोन टक्के बघा ना."

मी एक टक्का कमी केला. गुरुवारी गाडी गेली, कंपनीच्या गेटवरच उतरली.